पूर्वपक्षावांचून उत्तरपक्ष

आपल्याकडील शास्त्रग्रंथांत सिद्धान्त मांडण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडण्याची चाल आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला स्वतःला मान्य होईल अशा स्वरूपांत मांडल्यावांचून त्याच्या खंडनाचें श्रेय कोणास घेतां येत नाहीं, हें तिचें मर्म. ही चाल पंडितांसाठीं झाली. परंतु ज्यास नुकतें कोठें मिसरूड फुटूं लागलें आहे अशा मुलास स्वधर्माचें समर्थन करावयास शिकवायचें झालें, तर त्याच्या हातीं निव्वळ उत्तर द्यावें, कीं प्रश्नहि द्यावा? सोळाव्या शतकांतील ख्रिस्ती युरोपापुढें हा पेंच मोठ्या निकडीनें उभा राहिला. जर्मनींतील हायडेलबर्ग येथें १५६३ सालीं निघालेल्या एका लहानशा प्रश्नोत्तरावलीच्या इतिहासांत त्याचें स्वरूप फार स्पष्ट दिसतें.

आपल्या आशेचें कारण विचारणारास उत्तर देण्यास सिद्ध असावें, ही आज्ञा ख्रिस्ती लोकांस नवी नव्हती. नव्या करारांतील पेत्राच्या पहिल्या पत्रांत ती आहे, आणि तें उत्तर सौम्यतेनें द्यावें अशी पुस्तीहि तिला जोडलेली आहे. परंतु सारा गांव एकाच चर्चमध्यें जात होता तोंपर्यंत विचारणारा फारसा कोणी नव्हता. लूथरच्या बंडानें तो शेजारींच आणून बसविला. सॅक्सनींतील खेड्यापाड्यांच्या पाहणींत लोकांचें धर्माविषयींचें अज्ञान लूथरच्या दृष्टीस पडलें, आणि १५२९ सालीं त्यानें आपली लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. घरच्या कर्त्या पुरुषानें ती मुलांस व नोकरचाकरांस शिकवावी असा त्याचा हेतु होता. कॅथलिक पक्षहि स्वस्थ बसला नाहीं. पीटर कॅनिसिअस या जेझुइट पंडितानें १५५५ ते १५५८ या अवधींत तीन प्रश्नोत्तरावली रचल्या: एक प्रौढ विद्यार्थ्यांसाठीं, एक अगदीं लहान मुलांसाठीं, आणि एक या दोहोंमधील वयाच्या शाळकरी मुलांसाठीं. या मधल्या वयाचें मोल त्यानें नेमकें ओळखलें होतें.

हायडेलबर्ग ही पॅलाटिनेट संस्थानाची राजधानी. तेथील अधिपति तिसरा फ्रेडरिक हा बादशहाच्या निवडणुकींत मत असलेल्या सात जणांपैकीं एक होता. प्रभुभोजनाच्या अर्थावरून त्याच्या राजधानींतले धर्मोपदेशकच आपसांत भांडूं लागले, तेव्हां सर्वांस बांधून घेईल असें एक पुस्तक त्यानें तयार करविलें. त्यांत प्रमुख लेखणी झकारियस उर्सिनस या अवघ्या २८ वर्षांच्या अध्यापकाची होती, असें बहुतेक विद्वान् मानतात. पुस्तकांत १२९ प्रश्न. त्याच वर्षीं त्यांची वर्षाच्या ५२ रविवारांत वांटणी झाली. शाळेंत पाठांतर व्हावें आणि रविवारीं दुपारीं चर्चमध्यें त्यावर प्रवचन व्हावें, अशी ही व्यवस्था होती.

या पुस्तकांतील पहिला प्रश्न आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. तो ईश्वराच्या लक्षणाविषयीं नाहीं, पापाविषयीं नाहीं; जगतांना व मरतांना तुझा आधार कोणता, एवढेंच तो मुलास एकवचनीं विचारतो. प्लेगनें घरेंच्या घरें ओस पडत त्या काळीं हा प्रश्न मुलाच्या मनांत आधींच असला पाहिजे. पुस्तकानें त्यास केवळ शब्द दिले. उलट ऐशींवा प्रश्न पाहावा. प्रभुभोजन आणि पोपाच्या पंथांतील मिस्सा यांत भेद कोणता, असें त्यांत विचारलें आहे. पहिल्या आवृत्तींत हा प्रश्न नव्हताच. १५६२ सालीं ट्रेंट येथील धर्मसभेनें मिस्सेविषयीं आपला निर्णय जाहीर केल्यावर, १५६३ च्याच दुसऱ्या आवृत्तींत तो घालण्यांत आला, आणि तिसऱ्या आवृत्तींत मिस्सेस शापित मूर्तिपूजा ठरविणारे शब्द त्यास जोडले गेले. राजकारणी पुरुषांची व धर्ममंडळांची भाषा अशा रीतीनें बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडीं बसविण्यांत आली. पहिला प्रश्न त्याचा होता. ऐशींवा त्याच्या वडीलधाऱ्यांच्या भांडणाचा होता.

अशा उत्तराचा टिकाऊपणा किती, हें लवकरच दिसून आलें. १५७६ त फ्रेडरिक वारला. गादीवर आलेला त्याचा मुलगा सहावा लुडविग हा लूथरपंथी. त्यानें बापाच्या वेळच्या उपदेशकांस व अध्यापकांस दूर केलें आणि लूथरची प्रश्नोत्तरावली आणली. १५८३ त तोहि वारला, आणि त्याचा भाऊ योहान कॅसिमिर यानें पुन्हा जुनें पुस्तक चालू केलें. एकाच घरांत थोरल्यानें सत्य म्हणून जें घोकलें तें धाकट्यास चूक म्हणून शिकावें लागलें असेल. ज्याचें उत्तर राजाच्या मृत्यूबरोबर बदलतें, त्यास स्वधर्माचें समर्थन करतां येतें असें म्हणणें कठीण आहे.

उर्सिनसला या उणिवेची जाणीव असावी. नोकरी गेल्यावर तो नॉयश्टाट येथें जाऊन शिकवूं लागला व १५८३ त तेथेंच वारला. त्याच्या मागें शिष्यांनीं या प्रश्नोत्तरावलीवरील त्याचीं व्याख्यानें प्रसिद्ध केलीं. त्यांत जागोजाग आक्षेप मांडून मग त्यांचें समाधान केलेलें आहे. पुस्तकांत जो पूर्वपक्ष मावला नाहीं तो गुरूनें वर्गांत आणला. परंतु हा लाभ महाविद्यालयांतील तरुणांस झाला. खेड्यांतील मुलाच्या वांट्यास केवळ उत्तर आलें.

त्या उत्तराची धग दीडशें वर्षांनींहि निवाली नव्हती. १७१९ सालीं पॅलाटिनेटचा कॅथलिक अधिपति कार्ल फिलिप यानें ऐशींव्या प्रश्नावरून हें पुस्तकच जप्त करविलें, आणि प्रशिया, इंग्लंड व हॉलंड यांचें दडपण आल्यावरच त्यास माघार घ्यावी लागली. वादाचा शेवट मात्र शस्त्रानें किंवा दडपणानें झाला नाहीं. उत्तर अमेरिकेंतील ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चनें कॅथलिकांचे अधिकृत ग्रंथ तपासले, त्यांच्या धर्माधिकाऱ्यांस विचारलें, आणि मिस्सेचें ऐशींव्या उत्तरांतील वर्णन त्यांच्या शिकवणीशीं जुळत नाहीं असें २००४ सालीं ठरविलें. २००६ त त्या उत्तराचा वादग्रस्त भाग कंसांत टाकण्यांत आला. चारशें वर्षांहून अधिक काळ जें करावयाचें राहिलें होतें तें फार सोपें होतें: प्रतिपक्षास त्याचें म्हणणें विचारणें.

मुलांस पाठांतर देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. शब्दच नसले तर श्रद्धेस उच्चार कोठून मिळणार? हायडेलबर्गचा पहिला प्रश्न आजहि जगांत अनेक घरांत पाठ केला जातो, तो त्याच्या उत्तरांत मुलास स्वतःचें कांहीं सांपडतें म्हणून. परंतु उत्तर देण्याची शक्ति आणि उत्तर म्हणण्याची संवय यांत अंतर आहे. शेजारचा मुलगा काय मानतो हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याचें समर्थन हा केवळ मोठ्या आवाजांतला पाठ होय. मग तो पाठ कोणत्याहि धर्माच्या घरांत म्हटला जावो.