गाई, मोती आणि मोरपीस : नाणेघाटाच्या वाटेवरील वस्तूंचा अर्थ

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर मराठी समीक्षेत ‘चंगळवाद’ हा शब्द रुळला. ‘उपभोगवाद’ हा पर्यायी शब्द उपलब्ध असूनही चंगळवाद अधिक चालला, याचे कारण त्यातच निषेधाची सोय आहे. हा शब्द विकत घेणाऱ्याच्या नीतीवर बोट ठेवतो. विकत घेतलेल्या वस्तूला अर्थ कोठून मिळतो, हा प्रश्न मात्र तो उपस्थित करीत नाही. त्याच्या पाठीशी एक ऐतिहासिक गृहीतकही उभे असते. पूर्वी वस्तू गरजेपुरत्या होत्या, बाजारपेठेच्या विस्ताराबरोबर त्या प्रतिष्ठेची चिन्हे बनल्या, असे हे गृहीतक आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलेली प्रदर्शनी उपभोगाची कल्पना आणि जाँ बोद्रियार यांनी १९७० मध्ये केलेले उपभोगसमाजाचे विश्लेषण ही दोन्ही पाश्चात्त्य औद्योगिक समाजाच्या निरीक्षणातून आलेली असल्यामुळे या गृहीतकाला आयता आधार मिळतो. महाराष्ट्राच्या एका फार जुन्या व्यापारी वाटेवर ते तपासून पाहिले, तर काय हाती लागते?

ही वाट घाटघरची. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेवरील या गावाजवळून नाणेघाट कोकणात, मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याकडे उतरतो. सोपारा व कल्याण ही बंदरे आणि जुन्नर, पैठण, तेर ही देशावरील नगरे यांना जोडणाऱ्या मार्गांतील ही एक महत्त्वाची चढण होती. घाटाच्या माथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या आठ प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली काही नावे एवढेच उरले आहे. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व राजा सिरी सातकणि ही त्यांपैकी काही. बाजूच्या भिंतींवर मोठा ब्राह्मी लेख आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांच्या पाहण्यात तो आला. भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकचिन्हांचा अभ्यास केला आणि १८८३ मध्ये ब्यूलर यांनी त्याचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. अंकचिन्हांच्या भारतीय इतिहासात या लेखाला मानाचे स्थान आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र त्याच्याकडे एक ‘यादी’ म्हणून अद्याप पुरेसे पाहिलेले नाही.

लेखाचे बरेचसे शरीर यादीचेच आहे. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना वंदन झाल्यावर यज्ञांची नावे येतात. प्रत्येक यज्ञाच्या नावापाठोपाठ दक्षिणा येते : गाई, घोडे, हत्ती, गावे, रथ, चांदीचे अलंकार, वस्त्रे, कार्षापण. १०,००१ गाई हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. ब्यूलर यांच्या वाचनानुसार एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांची दक्षिणा, आणि यज्ञ पाहावयास आलेल्यांना व सेवकवर्गाला ६,००१ कार्षापण दिल्याची नोंद आहे. पूर्ण संख्येवर एकाची भर घालण्याची ही रीत पाहून आजच्या आहेरातील १०१ आणि ५०१ आठवले, तर ते अस्वाभाविक नाही. अखंड परंपरेचा दावा येथे करण्याचे कारण नाही. तथापि त्या वाढीव एकाचे कार्य दोन्हीकडे सारखेच आहे. तो हिशेबाला देवघेवीच्या भाषेतून बाहेर काढतो आणि रक्कम ‘चुकती केली’ नसून ‘दिली’ आहे, असे सांगतो. प्रेक्षकांना द्रव्य देणे हे तर प्रदर्शनी उपभोगाच्या कोणत्याही आधुनिक व्याख्येत बसण्यासारखे आहे.

बहुतेक अभ्यासक हा लेख नागनिकेचा मानतात. लेखातील राणीचे वर्णन महिनाभर उपवास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी, व्रतस्थ स्त्री असे आहे. म्हणजे वस्तूंच्या या प्रचंड मांडणीवर सही आहे ती वस्तूंचा त्याग केलेल्या व्यक्तीची. त्याग आणि प्रदर्शन ही चंगळवादाच्या चर्चेत परस्परविरुद्ध मानली जाणारी दोन टोके या संहितेत एकमेकांना आधार देतात. मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दानाविषयी जे सांगितले, की देणे ही कधीच निव्वळ देण्याची कृती नसते, त्याचे नाणेघाटाइतके ठसठशीत उदाहरण क्वचितच सापडेल. राणी वस्तू वापरत नाही. तिने त्या किती दिल्या, हे दगडावर मोजून दाखविते.

या यादीत एक मोठे मौन आहे. गाई आणि कार्षापण कोठून आले, हे ती सांगत नाही. घाट चढून येणाऱ्या मालाचा तिच्यात उल्लेख नाही. ते मौन दूर समुद्रावरच्या दुसऱ्या एका यादीने भरून निघते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हे ग्रीक नाविक-व्यापाऱ्याचे टिपण भडोचला उतरणाऱ्या मालाची नोंद देते : इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, रंगीत कमरपट्टे, आणि राजासाठी म्हणून वेगळे, चांदीची मूल्यवान पात्रे, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उंची मद्य व तलम वस्त्रे. माणसे आणि पात्रे एकाच ओळीत मोजणारी ही यादी विनासंकोच आहे. कल्याण बंदरात आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही ती सांगते. ज्या बंदराचा माल नाणेघाटाने वर येत असे, त्याच्यावरील राजकीय झगडा अशा रीतीने एका व्यापाऱ्याच्या टिपणात शिल्लक राहिला. जुन्नरच्या लेण्यांत या व्यापाराचे आणखी एक रूप दिसते. इरिल व चिट ही यवनांची नावे तेथे पाण्याच्या टाक्या आणि भोजनमंडप यांचे दाते म्हणून येतात. धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी लेणे आणि टाके देते. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या जातात. या सर्व लेखांत नफा दान होऊनच अक्षरात उतरतो. खरेदी-विक्रीला स्वतःची अशी भाषा अद्याप नाही.

ती भाषा सापडते महाराष्ट्री प्राकृतात. हाल सातवाहनाच्या नावावरील ‘गाथासप्तशती’चे संकलन अनेक शतके वाढत गेले, त्यामुळे तिला नाणेघाटाची समकालीन साक्ष म्हणून सरसकट वापरता येणार नाही. परंतु वस्तूंकडे पाहण्याची तिची दृष्टी शिलालेखाच्या नेमकी उलट आहे. एका गाथेत व्याधाची तरुण पत्नी कानात मोरपीस खोवून गर्वाने हिंडते, आणि ती हिंडते हत्तीच्या गंडस्थळातील मोत्यांनी सजलेल्या सवतींच्या घोळक्यात. मोरपीस स्वस्त, मोती दुर्मीळ. तरी गर्व मोरपिसाचा. सवतींच्या काळात व्याध हत्ती मारण्याइतका मोकळा आणि बळकट होता. नवीच्या प्रेमात गुंतल्यापासून त्याच्याच्याने मोरापलीकडे शिकार होत नाही, हे गाथा सांगत नाही, सुचविते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ही गाथा अर्थशक्तिमूल ध्वनीचे उदाहरण म्हणून ‘ध्वन्यालोका’त घेतली, हे येथे फार महत्त्वाचे आहे. वस्तूचे मूल्य तिच्या उपयोगात नाही, किमतीतही नाही, तर ती ज्या संबंधव्यवस्थेत धारण केली जाते तीत आहे, ही जाण येथील काव्यशास्त्राला होती. बोद्रियार ज्याला चिन्हमूल्य म्हणतात, ते येथे किमतीचा क्रम उलटवून सिद्ध झाले आहे.

‘ध्वन्यालोका’तीलच आणखी एका प्राकृत गाथेत तर साक्षात बाजारच दाराशी येतो. व्यापारी हस्तिदंत आणि व्याघ्रचर्म मागतो. म्हातारा व्याध उत्तर देतो, की कुरळ्या बटांची सून घरात वावरते आहे तोवर आमच्याकडे हस्तिदंत कोठले! मुलगा शिकारीला जात नाही आणि एक पुरवठा-साखळी थांबते. १९३८ मध्ये पाँपेईच्या अवशेषांत भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेर व भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या एका श्रीमंत घरापर्यंत असा हस्तिदंत पोहोचत होता. त्याच सुमारास, भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स वाहून जातात, अशी तक्रार थोरला प्लिनी करीत होता. उपभोगाची नैतिक टीका अशी आयात करणाऱ्यांच्या बाजूला जन्मते. ज्याच्या जंगलातून वस्तू निघते त्याची बाजू एका गाथेच्या विनोदात तेवढी ऐकू येते.

परक्या वस्तूला आपला अर्थ देण्याची क्षमताही या समाजात होती. तेर येथे रोमन सम्राट तिबेरियसच्या नाण्यांवरून मातीच्या नकला उठविलेल्या सापडल्या आहेत, आणि त्या अंगावर घालण्यासाठी होत्या. या नाण्यांनी काहीही विकत घेता येत नव्हते. चलन म्हणून मृत झाल्यावरच ती अलंकार झाली. पुढे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरील संताच्या आणि गुडघे टेकलेल्या राज्यकर्त्याच्या आकृतींना दख्खनने ‘पुतळी’ म्हटले आणि पुतळ्यांची माळ मराठी दागिन्यांत स्थिरावली. दोन्ही ठिकाणी वस्तू बाहेरून आली, अर्थ येथे घडला.

आधुनिकतेतील बदल नेमका या जागी शोधला पाहिजे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला रविवर्म्याचा छापखाना पुढे मळवलीला गेला, म्हणजे बोरघाटाच्या माथ्यावर, कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरात. सातवाहनकालीन दानलेखांच्या सावलीत आता लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत प्रती छापल्या जाऊ लागल्या. फ्रिट्झ श्लायखर यांच्या मालकीत तेथे मालावरची लेबलेही निघाली. देवीची प्रतिमा वेष्टनावर आली की वस्तू घरात शिरण्यापूर्वीच मंगल झालेली असते. अर्थ घडविण्याचे काम धारण करणाऱ्याकडून छापणाऱ्याकडे जाते. जाहिरातयुगाने हीच प्रक्रिया पूर्णत्वास नेली. अतुल दोडिया यांच्या ‘महालक्ष्मी’ या २००२ मधील कलाकृतीत दुकानाच्या लोखंडी शटरवर हीच छापील परंपरेतील लक्ष्मी आहे. शटर वर गेले की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी दिसतात. मराठी लग्नात देण्याघेण्याची बोलणी ठरविण्याच्या प्रसंगाला ‘याद्या’ म्हणतात, हे स्मरले की या चित्राचा धागा नाणेघाटापर्यंत मागे नेता येतो. दानाची यादी मागणीची यादी झाली, आणि मोजली जाणारी वस्तू आता स्त्रीच्या जिवाची किंमत ठरली.

तेव्हा वस्तू चिन्हे झाल्या ही नवी घटना नव्हे. त्या या घाटावर दोन हजार वर्षे चिन्हेच आहेत. नवे आहे ते चिन्हार्थाच्या मालकीचे केंद्रीकरण. व्याधाची पत्नी मोरपिसाला स्वतःचा अर्थ देऊ शकली. वेष्टनासकट अर्थ विकत घेणाऱ्याला ती मुभा किती उरते, हा चंगळवादाच्या टीकेचा खरा विषय व्हावयास हवा. तो तसा झाला, तर विकत घेणाऱ्याच्या निंदेऐवजी अर्थ कोण घडवितो याची चिकित्सा सुरू होईल, आणि तिच्यासाठी लागणारी परिभाषा ध्वनिविचारात आधीच उपलब्ध आहे.

या चिकित्सेत घाटघरलाही स्थान असले पाहिजे. पावसाळ्यात उलटा उडणारा धबधबा पाहावयास शहरांतून गर्दी लोटते, रांजणाजवळ छायाचित्रे काढली जातात, आणि ‘नाणेघाट’ हे नावच एक उपभोग्य वस्तू होते. जुन्नर-आंबेगावच्या याच आदिवासी पट्ट्यात झाडावरून बाळहिरडा उतरवून, वाळवून विकणे हे अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे. औषधाच्या बाटलीवर तो पोहोचतो तेव्हा त्याच्यावर दुसऱ्याच कोणाचे नाव असते. राणीच्या यादीत गाई राखणाऱ्यांची नावे नव्हती. व्यापाऱ्याला दारातून परत पाठविणारा म्हातारा मात्र एका गाथेत बोलला, आणि त्याचे बोलणे काव्यशास्त्राने जपले.