‘बालाघाट’ हा एक शब्द आणि संगणकाच्या अनेक भाषा

‘संगणकाची भाषा’ असा शब्दप्रयोग आपण एकवचनात करतो. वस्तुतः अशी एकच भाषा नाही. ठरावीक चिन्हांचा संच आणि त्या चिन्हांच्या कोणत्या रचना ग्राह्य आहेत हे निःसंदिग्धपणे सांगणारे नियम यांवर उभ्या असलेल्या भाषेस आकारिक भाषा म्हणतात. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये अशा भाषांच्या व्याकरणांची श्रेणी मांडली. पुढे ‘अल्गॉल ६०’ या भाषेचे व्याकरण जॉन बॅकस व पीटर नाऊर यांच्या सूत्रपद्धतीने लिहिले गेले. या पद्धतीचे पाणिनीच्या सूत्ररचनेशी असलेले साम्य पाहून तिला ‘पाणिनी-बॅकस’ असे नाव द्यावे, अशी सूचना १९६७ मध्ये झाली होती.

या भाषांचे प्रकार त्यांच्या कार्यावरून पडतात. मध्य प्रदेशातील बालाघाट हा गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून असलेला, १९५६ पूर्वी नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडणारा जिल्हा. तेथे हिंदी, मराठी आणि पोवारी या तिन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. त्यामुळे हे प्रकार समजून घेण्यास हे उदाहरण सोयीचे आहे.

आरंभी एक भेद लक्षात घ्यावा. ‘बालाघाट’ हा शब्द युनिकोड या संकेतप्रणालीत सात क्रमांकांनी साठवला जातो; त्यातील ‘ल’चा क्रमांक २३५४. शब्द मराठी मजकुरातील असो वा हिंदी, हे क्रमांक तेच राहतात. युनिकोड लिपीची नोंद करते, भाषेची नव्हे.

प्रोग्रॅमिंग भाषा संगणकाला कृतींचा क्रम सांगतात. १९५७ ची फोरट्रॅन गणितासाठी, १९६० च्या सुमारास आलेली कोबोल व्यापारी हिशेबासाठी, १९७० च्या दशकारंभीची ‘सी’ प्रणालींच्या रचनेसाठी घडली. १९९१ मध्ये आलेली पायथन आज शिक्षणातही रूढ आहे. गावनिहाय धानखरेदीची बेरीज करणे हे अशा भाषेचे काम.

मार्कअप भाषा, म्हणजे चिन्हांकनाच्या भाषा, बेरीज करीत नाहीत. मजकुराचा कोणता भाग काय आहे हे त्या सांगतात. एसजीएमएल हे त्यांचे मानक १९८६ मध्ये आले; एक्सएमएल १९९८ मध्ये. वेबपृष्ठांची एचटीएमएल याच कुळातील. तिच्यातील ‘लँग’ या गुणधर्मात ‘एमआर’ लिहिले की मजकूर मराठी आणि ‘एचआय’ लिहिले की हिंदी ठरतो. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि हिंदीतील दंडयुक्त ‘ल’ यांपैकी कोणता दाखवायचा, हे त्याची सोय असलेला फॉन्ट या खुणेवरून ठरवतो. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचणारी प्रणालीही याच खुणेवरून मराठी किंवा हिंदी आवाज निवडू शकते. खूण चुकली तर ‘चूल’मधला ‘च’ ‘चिंच’मधल्यासारखा उच्चारला जाण्याची शक्यता असते.

शैलीची भाषा, उदाहरणार्थ १९९६ मध्ये प्रमाणित झालेली सीएसएस, रंग, आकार व मांडणी ठरवते. विदा-स्वरूपे, जसे जेसन, माहिती एका प्रणालीकडून दुसरीकडे नेण्यापुरती असतात.

क्वेरी भाषा साठवलेल्या माहितीतून हवे ते मागते. आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास जन्मलेली एसक्यूएल ही त्यांतील प्रमुख. तिच्यात ‘काय हवे’ एवढेच सांगायचे असते. ‘कसे शोधावे’ हे प्रणाली ठरवते. मात्र प्रश्न काटेकोर हवा. केवळ ‘बालाघाट’ विचारल्यास मध्य प्रदेशातील जिल्ह्याबरोबर महाराष्ट्रातील बालाघाट डोंगररांगही पुढे येईल. नावांचा क्रम लावतानाही मराठीचा नियम वेगळा आहे. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘कावळे’ आधी व ‘काळे’ नंतर. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’ २३५५ व ‘व’ २३५७ असल्याने निव्वळ क्रमांकानुसार यादी उलटी लागते. ती सुधारण्यासाठी मराठी क्रमवारीचा नियम स्पष्टपणे निवडावा लागतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संगणक संदर्भावरून भाषेचा अंदाज बांधू शकतो, पण ‘वैनगंगा’सारख्या दोन्ही भाषांत सारख्याच लिहिल्या जाणाऱ्या नावावरून तो अंदाज बांधता येत नाही. सीमेवरच्या गावात मराठीत लिहिलेला अर्ज खुणेअभावी हिंदी म्हणून नोंदला गेला, तर तेथे मराठी वापरली जाते याचा तेवढा पुरावा नोंदीतून नाहीसा होतो. गोव्यालाही हे परके नाही. येथे कोकणी व मराठी दोन्ही देवनागरीत आहेत आणि दोहोंना ‘केओके’ व ‘एमआर’ असे स्वतंत्र संकेत आहेत. पोवारीलाही आंतरराष्ट्रीय सूचीत स्वतःचा संकेत आहे. संकेत उपलब्ध आहेत. पृष्ठ, अर्ज वा यादी तयार करणाऱ्याने ते न चुकता लिहिणे एवढेच उरते.