हिप स्पायका प्लास्टर

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर लहान मुलाला छातीच्या खालपासून पायांपर्यंत घातले जाणारे प्लास्टर. कधी दोन्ही पाय घोट्यापर्यंत त्यात बंद होतात, कधी एक पाय गुडघ्याशीच मोकळा सुटतो. शी-शूसाठी मांड्यांमध्ये जागा ठेवतात. हे प्लास्टर मांडीचे हाड मोडल्यावरही घालतात; ही नोंद मात्र जागेवरून सरकलेल्या खुब्याची, आणि शस्त्रक्रियेनंतर मूल पुन्हा चालू लागेपर्यंतच्या काळाची आहे.

या विकारात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत नीट बसत नाही. मुलींमध्ये, पायाळू बाळांमध्ये आणि घराण्यात आधी कोणाला हा त्रास असेल तर त्याचे प्रमाण जास्त आढळते. डावा खुबा अधिक वेळा सरकतो. पहिल्या सहा महिन्यांत लक्षात आले, तर चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्लिक यांच्या पट्ट्यांनी बहुतेक बाळांचा सांधा शस्त्रक्रियेविना जागेवर येतो. पण तान्ह्या बाळाला यात दुखत नाही. त्यामुळे कित्येक घरांत शंका येते ती मूल लंगडत पाऊल टाकू लागल्यावरच. दीड वर्षानंतर बहुधा सांधा उघडून माथा वाटीत बसवावा लागतो. वाटी उथळ असेल, तर कमरेचे हाड कापून तिचे छत पुढे झुकवतात. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी ही शस्त्रक्रिया १९५७ मध्ये प्रथम केली.

बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधण्याची रीत या विकाराला हातभार लावते. जपानमध्ये १९७० च्या दशकात पाय असे बांधू नयेत म्हणून देशव्यापी मोहीम झाली आणि तिथले प्रमाण झपाट्याने खाली आले. याउलट बाळाला कडेवर घेण्याची आपली सवय खुब्याला मानवते, कारण त्यात मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर राहतात.

प्लास्टरमध्ये पाय कसे ठेवायचे, हा धडा वैद्यकाला महागात पडला. व्हिएन्नाचे आडोल्फ लोरेन्झ विनाशस्त्र खुबा बसवण्यासाठी जगप्रसिद्ध होते. १९०२ मध्ये एका अमेरिकन उद्योगपतीच्या मुलीसाठी त्यांना शिकागोला बोलावले गेले. ते मांड्या बेडकासारख्या पूर्ण फाकवून ठेवत. त्या ताणाने माथ्याचा रक्तपुरवठा तुटे आणि कित्येक मुलांचे हाड आतून मरे. आज असा विनाशस्त्र खुबा बसवल्यावर मांड्या सुमारे ९० ते १०० अंशांत वाकवलेल्या, पण बेताच्याच फाकवलेल्या ठेवतात.

हाड कापले असेल तर प्लास्टर साधारण सहा आठवडे राहते. भुलीखाली सांधा नुसता बसवला असेल तर बहुधा तीन महिने. या काळातला खरा भार घरावर असतो, आणि रुग्णालयातून निघताना त्याबद्दल फार थोडे सांगितले जाते, हे वाईट आहे. मोठी लढाई ओलाव्याशी. छोटा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचतात, त्यावरून मोठा बांधतात आणि रात्रीही तपासतात. डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवली की लघवी पाठीकडे पसरत नाही. दर दोन-चार तासांनी कूस बदलावी लागते. जागेपणी पोटावर ठेवलेले मूल खेळतेही. टाचा गादीवर टेकू देत नाहीत. मांड्यांमधली आडवी दांडी मूल उचलण्यासाठी नसते. तिला धरल्यास प्लास्टर मोडू शकते. खाज सुटली तरी आत पट्टी, सुई, तेल किंवा पावडर घालायची नाही. पोट आवळलेले असल्याने थोडे थोडे भरवावे.

बोटे निळी, थंड किंवा सुजलेली दिसली, मूल ती हलवेनासे झाले, ताप आला, आतून कुबट वास येऊ लागला किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

प्लास्टर कापणाऱ्या यंत्राचे पाते फिरत नाही, नुसते थरथरते. कातडी सहसा कापली जात नाही. आवाजाने मात्र मूल हमखास घाबरते. प्लास्टर निघाले तरी पाय त्याच आकारात राहतात, कातडीचे पापुद्रे सुटतात आणि उचलले की मूल किंचाळते. आईवडिलांचा धीर सुटतो तो इथे. आजी लगेच तेलाची वाटी घेऊन बसते, कोणी हाडवैद्याचा पत्ता देतो. रगडून मालिश आणि पाय ओढून सरळ करणे या दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात, कारण आठवडेच्या आठवडे न वापरलेली हाडे ठिसूळ झालेली असतात. कोमट पाण्यात बसवावे, जमिनीवर मोकळे सोडावे. मूल आपणहून वळते, सरपटते, धरून उभे राहते. चालायला काही आठवडे लागतात, लंगडणे काही महिने टिकते. काही मुलांना रात्रीपुरता पट्टा लावतात आणि हाडात तारा घातल्या असतील, तर त्या नंतर काढतात.

वाटीची वाढ आणि माथ्याचा रक्तपुरवठा तपासण्यासाठी ठरावीक अंतराने एक्स-रे काढले जातात. मूल व्यवस्थित धावू लागले तरी ही तपासणी हाडांची वाढ थांबेपर्यंत चालू ठेवतात.