शून्य स्क्यूच्या शोधात: क्लॉक ट्रीचा संक्षिप्त इतिहास

फिजिकल डिझाइनच्या प्रयोगशाळेत क्लॉक ट्रीचा अहवाल समोर आला की बहुतेक विद्यार्थी आधी स्क्यूचा आकडा पाहतात आणि तो शून्याकडे नेण्याच्या मागे लागतात. हे ध्येय कोठून आले आणि ते कितपत योग्य आहे, हे इतिहासावरून समजते.

एकच क्लॉक संकेत दोन फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोहोचण्याच्या वेळांतील फरक म्हणजे स्क्यू. 1971 साली आलेल्या इंटेल 4004 मध्ये सुमारे 2300 ट्रान्झिस्टर होते आणि क्लॉक 740 किलोहर्ट्झचा होता. एक आवर्तन एक मायक्रोसेकंदाहून मोठे, शिवाय एकमेकांवर न येणारे दोन फेज. त्यामुळे तारेतील विलंब सहज सामावून जाई.

1992 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा अल्फा 21064 हा 200 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आला. आवर्तन 5 नॅनोसेकंदांवर आले. चिपच्या मध्यभागी एक प्रचंड ड्रायव्हर बसवून त्याने सुमारे 3250 पिकोफॅरड इतका भार हलवला. स्क्यू आटोक्यात राहिला, पण एकूण स्विचिंग धारितेचा सुमारे 40 टक्के वाटा एकट्या क्लॉकचा झाला आणि मध्यभागी उष्णता साचू लागली. पुढच्या 21164 मध्ये अंतिम ड्रायव्हर दोन बाजूंना विभागले गेले. तरीही सुमारे 50 वॅटपैकी 20 वॅट क्लॉकवरच खर्च होत. शेवटी 600 मेगाहर्ट्झच्या 21264 मध्ये श्रेणीबद्ध वितरण आले आणि ज्या विभागाला काम नाही त्याचा क्लॉक थांबवण्याची सोय झाली. आज आपण ज्याला क्लॉक गेटिंग म्हणतो, ते हेच.

याच काळात क्लॉक ट्री संगणकाकडून आखून घेण्याच्या पद्धती तयार होत होत्या. सममित एच-ट्री सर्व फ्लिप-फ्लॉप समान अंतरांवर असतील तरच चालते. प्रत्यक्षात ते विखुरलेले असतात. 1990 मध्ये जॅक्सन, श्रीनिवासन आणि कुह यांनी फ्लिप-फ्लॉपचे गट पुन्हा पुन्हा दोन भागांत विभागत वरून खाली झाड बांधण्याची पद्धत मांडली. 1991 मध्ये रेन-सोंग त्साय यांनी उलट वाट धरली: खालून दोन-दोन उपवृक्ष जोडत जायचे आणि जोडबिंदू असा निवडायचा की दोन्हीकडचा विलंब तंतोतंत सारखा येईल. हा विलंब मोजायला त्यांनी वापरलेले एल्मोरचे सूत्र 1948 सालचे, म्हणजे चिपचा जन्म होण्यापूर्वीचे आहे.

गंमत अशी की, शून्य स्क्यू हेच अंतिम ध्येय नव्हे, हे त्याआधीच सांगून झाले होते. 1990 मध्ये जॉन फिशबर्न यांनी दाखवले की काही फ्लिप-फ्लॉपना क्लॉक मुद्दाम उशिरा दिला, तर त्यांच्याकडे येणाऱ्या लांब मार्गाला जास्त वेळ मिळतो आणि संपूर्ण चिप अधिक वेगाने चालू शकते. यालाच आज उपयुक्त स्क्यू म्हणतात.

मात्र यात एक धोका आहे. सेटअपची अट मोडली, तर क्लॉक मंद करून चिप वापरता येते. होल्डची अट मोडली, म्हणजे डेटा गरजेपेक्षा लवकर पोहोचला, तर आवर्तन कितीही वाढवले तरी उपयोग नाही. तयार झालेली चिप वाया जाते. म्हणून एखाद्या फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक उशिरा करताना त्याच्याकडे येणाऱ्या सर्वांत छोट्या मार्गाचा होल्ड तपासलाच पाहिजे.

सारांश, सर्वांना एकाच क्षणी क्लॉक देण्यापासून ज्याला जेव्हा हवा तेव्हा देण्यापर्यंतचा हा प्रवास आहे. पुढच्या वेळी अहवाल पाहाल, तेव्हा स्क्यूच्या आकड्याशेजारी बफरची संख्या, क्लॉकची वीज आणि होल्डचा स्लॅक हे तिन्ही वाचा. शून्यासाठी किती किंमत मोजली, ते तेथेच दिसते.