वावडिंग आणि न दिसणारा जंत

चरकसंहितेत कृमिनाशक औषधांचा जो दहांचा गट दिला आहे, त्यात विडंग आहे. आपण त्यालाच वावडिंग म्हणतो. तान्ह्या बाळाच्या पाण्यात ते पडते, गुराढोरांनाही जंतावर देतात. इतका जुना लौकिक असलेले औषध चाचणीत कितपत उतरते, हे मी गेली काही वर्षे मिळेल तिथून वाचून धुंडाळतो आहे. मला वाटते, आधी विचारायला हवे ते वेगळेच: जंत म्हणजे कोणता जंत?

मेंढपाळाला दिसतो तो मोनिएझिया, म्हणजे पट्टकृमी. लेंड्यांवर त्याचे तुकडे भाताच्या शितांसारखे चिकटलेले असतात. औषध पाजले, शिते दिसेनाशी झाली, म्हणजे गुण आला. पण हा जंत सहसा फारसा अपाय करत नाही, आणि कोकरू वाढेल तशी प्रतिकारशक्ती येऊन तो आपोआपही पडून जातो. श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला मिळते. (माणसांच्या औषधांतही हे चालतेच.)

मेंढी मारतो तो हेमोन्कस. दोन-तीन सेंटिमीटरचा, चौथ्या पोटात राहणारा. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त खातो. पाच हजार जंत असले तर रोजचे पाव लिटर झाले. मेंढी पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाणी साचते, आणि लेंडी मात्र बऱ्याचदा बांधीवच राहते. जंत पोटात, अंडी सूक्ष्म. मेंढपाळाने पाहावे तरी काय?

ही अंडी मोजण्याची सोपी रीत सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेतल्या गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी १९३९ मध्ये मांडली. लेंडी मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, वर तरंगलेली अंडी आखलेल्या काचेच्या कप्प्यात सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. एका ग्रॅममागे किती, ते कळते.

पुढे रासायनिक औषधे आली. थायाबेंडाझोल १९६१ चे; १९६४ पर्यंत त्याला न जुमानणारे हेमोन्कस आढळले होते. झाडपाल्याकडे संशोधक पुन्हा वळले त्यामागे ही निकड होती.

वावडिंगाच्या कुळातल्या मिर्सिने आफ्रिकाना या झुडपाची फळे पूर्व आफ्रिकेतले पशुपालक जंतावर देतात. वावडिंगातले एम्बेलिन त्यातही असते. केनियातल्या मेंढ्यांना हेमोन्कसची लागण करून ही फळे दिली, तेव्हा अंड्यांच्या संख्येत म्हणण्यासारखी घट झाली नाही. तो निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून पशुपालकांचे ज्ञान खोटे ठरवण्याची घाई मला पटत नाही. शेजारच्या इथिओपियात वावडिंगाचीच एक बहीण, एम्बेलिया शिंपेरी, माणसांतल्या पट्टकृमीवर वापरतात. लौकिक एका जंतावरचा आणि परीक्षा दुसऱ्याच जंतावर, असे इथे झाले असावे.

उलट बाजूची घाईही तितकीच वाईट. काचेच्या बशीत अर्क ओतून जंत मेले की ‘परंपरा सिद्ध झाली’ असे छापून येते. मेंढीच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव त्या अर्काचे काय करतात, ते बशीत कळत नाही.

वावडिंगाची परीक्षा मोनिएझियावर व्हावी, आणि औषध न दिलेला कळप शेजारी ठेवून व्हावी. हेमोन्कसची शंका असलेली मेंढी मात्र त्याच्या भरवशावर सोडू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी तिच्यासाठी पाच रंगांचा तक्ता केला आहे. खालची पापणी उलटायची, आतला रंग तक्त्याशी ताडायचा. लालबुंद असेल तर सोडून द्यायचे, फिकट असेल तर त्याच दिवशी औषध पाजायचे.