निळ्या खोडांची हकीकत
आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागेत गेलात, तर झाडांची खोडे दोन-तीन फूट निळसर रंगवलेली दिसतील. डिंक्या रोगावरचा हा मोरचूद-चुन्याचा घरगुती लेप.

त्याचा जन्म मात्र दूर फ्रान्समधला. बोर्दोजवळच्या मेदोक भागात द्राक्षचोरांना भिववण्यासाठी बागाईतदार वाटेकडेच्या वेलींवर असले निळे पाणी शिंपडीत. १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानी आले, की केवड्याने आतल्या वेली झडल्या, वाटेवरच्या मात्र हिरव्या! त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली.

मी एके वर्षी नुसता चुना फासून निर्धास्त राहिलो, आणि दोन झाडे गमावून बसलो. चुना उन्हापासून साल राखतो. बुरशीला आवरते ते मोरचुदातले तांबे. एक किलो मोरचूद व एक किलो चुना वेगवेगळे भिजवून एकूण दहा लिटर पाण्यात एकत्र करावेत. भांडे लोखंडी नको. मग विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढले, तर चुना वाढवावा.

औषध घरचे की परक्याचे, हा प्रश्नच नव्हे. शेजारच्या वेलीशी ते कुणी ताडून पाहिले काय, एवढेच विचारावे.