जशी कमान, तसा तीर



दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक ऐतिहासिक नाटिका बसविली होती. तिच्यासाठी मुलांनी बांबूची एक कमान तयार केली आणि बोरूचे दहा-बारा तीर केले. तालमीच्या दिवशी मैदानात गवताच्या पेंढीवर नेम धरून पाहिला. मारणारा मुलगा एकच, कमान एकच. परंतु काही तीर पेंढीत रुतले, काही बाजूला गेले, तर काही वाटेतच आडवे होऊन पडले. सातवीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, तीर वाकडा गेला तर चूक कुणाची? मारणाऱ्याची की तिराची?"

मला उत्तर देता आले नाही. इतिहास शिकवीत असताना पानिपत, हळदीघाट, तालिकोट अशा लढायांत मी हजारो तीर सोडले होते. पण एक तीर कसा निवडतात, याचा विचार कधी केला नव्हता. त्या मुलाच्या प्रश्नासाठी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम तिरंदाजीतले एक कोडे पाहा. दोरी पूर्ण ओढलेली असते तेव्हा तीर निशाणाकडे रोखलेला असतो. दोरी सुटून पुढे येते तेव्हा मात्र वाटेत कमानीचा दांडा असतो. तीर त्याच्या एका कडेला टेकलेला असल्यामुळे त्याचे टोक बाहेर वळायला हवे. तरीसुद्धा चांगला तीर सरळ निशाणावर जातो. हे कसे घडते? दोरीच्या धक्क्याने तिराची काडी क्षणभर वाकते, दांड्याला वळसा घालून निघते, मग उलट बाजूला वाकते, आणि अशी लवत लवत काही अंतरावर स्थिर होते. डोळ्यांना हे दिसत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत अतिशय वेगाने चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने ते स्पष्ट दाखविले.

आता मर्माची गोष्ट लक्षात घ्या. काडी फार ताठ असेल तर ती वळसा घालू शकत नाही आणि एका बाजूला फेकली जाते. फार लवचीक असेल तर जास्त वाकून दुसऱ्या बाजूला जाते. म्हणजे नुसता "चांगला तीर" अशी वस्तू जगात नाही. जोरदार कमानीला ताठ काडी लागते, हलक्या कमानीला नरम. शिवाय काडी थोडी आखूड केली की ती ताठ वागते, आणि पुढचे पाते जड केले की नरम वागते. जुने शिकारी अशीच काडी तासून, कापून, पाते बदलून तीर कमानीशी जुळवून घेत. एका कमानीचा उत्तम तीर दुसऱ्या कमानीवर कुचकामी ठरू शकतो. आमच्या नाटिकेतली चूक मुलाचीही नव्हती आणि तिराचीही नव्हती; दोघांची जोडी जुळविणाऱ्याची, म्हणजे माझीच होती!

शिकाऱ्याच्या दृष्टीने तर ही बाब केवळ नेमाची नव्हती. इस्लामी शरियतीत ती हलाल-हरामाचीही बाब होती. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना 'मिअराद' नावाच्या तिराने केलेल्या शिकारीविषयी विचारले होते. भाष्यकारांनी मिअरादचे वर्णन पिसे नसलेला, मध्ये जाड आणि टोकांना निमुळता तीर असे केले आहे. उत्तर मिळाले त्याचा आशय असा: तो धारेने लागून जनावर मेले तर खावे, आडवा लागून मेले तर खाऊ नये, कारण ते ठोसरून मेलेले जनावर होय. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

विचार करा, या एका नियमाने शिकाऱ्यावर केवढी जबाबदारी टाकली! बिस्मिल्ला म्हणून तीर सोडणे पुरेसे नव्हते. तीर टोकाने लागला पाहिजे, म्हणजे तो सरळ उडाला पाहिजे, म्हणजे काडी, पिसे आणि पाते यांची घरी बसून नीट जुळणी झाली पाहिजे. आळसाने केलेला तीर जनावराला हाल करून मारतो आणि ताटातला घासही हिरावून घेतो. जिवंत प्राणी बांधून त्याच्यावर नेमबाजीचा सराव करण्यास प्रेषितांनी सक्त मनाई केली, हेही येथे लक्षात ठेवावे. आणखी एका हदीसचा आशय असा की, एका तिरामुळे तिघांना जन्नत मिळते: चांगल्या हेतूने तो बनविणाऱ्याला, तो मारणाऱ्याला आणि तो हातात देणाऱ्याला. यात पहिला मान कारागिराचा आहे!

अशा वातावरणात या विद्येवर ग्रंथ लिहिले गेले यात नवल नाही. दिल्लीत सुलतान इल्तुतमिश (१२११–१२३६) याच्या काळात फख्र-ए-मुदब्बिर याने 'आदाबुल हर्ब' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात निरनिराळ्या देशांच्या कमानींची माहिती असून हिंदुस्थानी बांबूच्या कमानीचीही दखल आहे. मामलूक राज्यात तैबुगा या उस्तादाने सुमारे १३६८ साली सुलतान अल्-अशरफ शाबान याच्यासाठी तिरंदाजीचा ग्रंथ रचला. १९७० साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. मोरोक्कोतल्या एका अज्ञात लेखकाचा सुमारे १५०० सालचा अरबी ग्रंथ अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने १९४५ साली इंग्रजीत आणला. या ग्रंथांत तिराची लांबी, वजन, पाती, पिसे यांचा बारकाईने विचार केलेला आढळतो.

त्यातला पिसांचा मुद्दा मला फार आवडला. पक्ष्याच्या डाव्या पंखाचे पीस एका बाजूला वळलेले असते, उजव्याचे दुसऱ्या. म्हणून एका तिराला सारी पिसे एकाच बाजूच्या पंखाची लावावीत. नाहीतर ती एकमेकांशी भांडतात आणि तीर डळमळतो. पात्यांचेही तसेच. चिलखत भेदायला अरुंद टोकदार पाते, तर शिकारीला रुंद धारेचे. काडी सरळ आहे का हे पाहण्याची तिरंदाजांची रीत अगदी साधी आहे. तीर अंगठ्याच्या नखावर टेकवून फिरवायचा. काडीत बाक असेल तर तो थरथरतो आणि नखाला कळतो.

या ग्रंथांत तीन थोर उस्तादांची नावे पुन्हा पुन्हा येतात: अबू हाशिम अल्-मावर्दी, ताहिर अल्-बल्खी आणि इसहाक. तिघांच्या पद्धती वेगळ्या होत्या. कुणाची खरी, यावर वाद घालण्याऐवजी नंतरच्या लेखकांनी मोठे शहाणपण दाखविले. उंच, ठेंगणा आणि मध्यम बांध्याचा मनुष्य एकाच रीतीने कमान ओढू शकत नाही. ज्याची जशी शरीरयष्टी, तशी त्याची रीत, असे त्यांनी मानले.

उस्मानी तुर्कांनी हे शास्त्र फार पुढे नेले. इस्तंबूल १४५३ साली जिंकल्यावर सुलतान मुहम्मद फातेह याने तिरंदाजीसाठी मैदान राखून दिले. तो भाग आजही ओकमैदान, म्हणजे तिराचे मैदान, म्हणून ओळखला जातो. तेथे लांब पल्ल्याच्या विक्रमांच्या जागी दगडी स्तंभ उभारीत. त्या खेळाचा तीर बारीक, हलका, छोट्या पिसांचा. लढाईचा आणि शिकारीचा वेगळा. पुढे बंदुकीने कमानीला मागे टाकले, तेव्हा सुलतान महमूद दुसरा (१८०८–१८३९) याने मुस्तफा कानी याच्याकडून या विद्येचा ग्रंथ लिहवून घेतला. अशा लेखनामुळे हातातली कला कागदावर उरली. २०१९ साली युनेस्कोने तुर्की तिरंदाजीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. जी विद्या लिहिली गेली ती पुन्हा उभी राहू शकली, हा धडा विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आपल्या मराठी भाषेनेही या विद्येची एक खूण जपली आहे. कमान, तीर, तिरंदाज हे शब्द फारसीतून आले हे आपण जाणता. पण शाळेत आम्ही रोज उच्चारतो तो 'शिस्त' हा शब्दही तेथलाच! फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि दोरी ओढताना अंगठ्यात घालायची तिरंदाजाची अंगठीही. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. छडी आणि शिस्त यांची जोडी आपण नंतर लावली. मुळात शिस्त म्हणजे नजर, हात आणि तीर एका रेषेत आणणे.

आज आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. मग ही माहिती कशासाठी, असे कुणी विचारील. पालकहो, त्याचे उत्तर देताना मला माझी एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. बंद पडलेला पंखा, बिघडलेली घंटा त्याच्या हाताला लागली की चालू होई. पुस्तकात मात्र त्याचे मन रमत नसे. निकालानंतर त्याच्या वडिलांनी त्याला सायन्सला घातले, कारण शेजारचा मुलगा सायन्सला गेला होता. वडील माझा सल्ला विचारायला आले होते. त्यांचा उत्साह पाहून मी गप्प बसलो. पुढे दोन वर्षे तो मुलगा नापासाचा शिक्का घेऊन मान खाली घालून फिरला. आज तो मोटार वाइंडिंगचे काम उत्तम करतो, अल्हम्दुलिल्लाह. पण ती दोन वर्षे आणि त्या वयातला त्याचा स्वतःवरचा भरवसा मी परत देऊ शकत नाही. काडी नखावर फिरवून पाहण्याचे काम माझे होते. मी ते केले नाही.

याचा अर्थ मुलांकडून कमी अपेक्षा ठेवाव्यात असा मुळीच नव्हे. नरम काडी म्हणजे वाईट काडी नव्हे, आणि कोणतीही काडी आपोआप तीर होत नाही. तिला तासावे लागते, शेकून सरळ करावे लागते, पिसे लावावी लागतात. मुलगा असो वा मुलगी, ही मेहनत प्रत्येकाच्या वाट्याला आली पाहिजे. फक्त ती शेजाऱ्याच्या कमानीच्या मापाने नको.

त्या सातवीतल्या विद्यार्थ्याला मी नंतर वर्गात उभे करून त्याचे उत्तर सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग सर, तीर टाकून द्यायचे नाहीत, दुसरी कमान करायची." यंदाच्या संमेलनासाठी मुलांनी दुसरी कमान केली आहे. गेल्या वेळी आडवे पडलेले बोरूचे तीर तिच्यावरून पेंढीत जाऊन बसतात. आपण जरूर येऊन पाहावे.